जनरल रजिस्टरातली मुलं

शाळेला शंभर-सव्वाशे वर्षं झाली की स्मरणिका निघते. मग हेडमास्तरांचे जुने फोटो शोधले जातात, देणगीदारांची यादी होते, मॅट्रिकला पहिल्या आलेल्या मुलांची नावं गोळा होतात. हे सगळं व्हायलाच हवं. पण माझी सगळी नोकरी ठाण्यातल्या एका जुन्या हायस्कूलच्या ऑफिसात गेली. लेखनिक म्हणून लागले, मुख्य लेखनिक म्हणून निवृत्त झाले. माझं ठाम मत आहे की शाळेचा खरा इतिहास ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात असतो. जनरल रजिस्टरात. स्मरणिकेत त्याचं एक पानसुद्धा कुणी छापत नाही.

ज्यांचा शाळेच्या ऑफिसशी संबंध दाखल्यापुरताच आला त्यांच्यासाठी सांगते. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाला एक रजिस्टर नंबर पडतो. त्या नंबरापुढे एका आडव्या ओळीत त्याचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या ओळीची नक्कल. हजेरीपत्रकं, पावतीपुस्तकं ठरावीक मुदतीनंतर निकालात काढता येतात. जनरल रजिस्टर कायम ठेवायचं असतं. आमच्या वेळी नव्या क्लार्कला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही, दुरुस्ती करायचीच झाली तर लाल शाईनं, आणि शेजारी हेडमास्तरांची सही.

आमच्याकडची सगळ्यात जुनी रजिस्टरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. टाकानं लिहिलेली, इंग्रजीत, कारण हायस्कूलचा कारभार इंग्रजीतच चालायचा. अक्षर असं की आजही एक अक्षर अडत नाही. शाई काळीची तपकिरी झालीय, काही पानांवर शाईनं कागद खाल्लाय, पण ओळ सरळ आहे.

ती वाचायची तर तेव्हाची शिडी माहीत हवी. मुलगा आधी मराठी शाळेत चार इयत्ता करायचा. मग इंग्रजी पहिली. इंग्रजीच्या सात इयत्ता, सातवी म्हणजे मॅट्रिक. इंग्रजी चौथीपासून गणित, इतिहास, भूगोल सगळं इंग्रजीतून. ज्याला इंग्रजी शाळेची फी झेपत नसे तो मराठी सातवीपर्यंत शिकायचा, व्हर्नाक्युलर फायनल द्यायचा आणि प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी व्हायचा. म्हणून या रजिस्टरांत इंग्रजी पहिलीत नऊ-दहा वर्षांचा मुलगा दिसतो आणि त्याच्याच खालच्या ओळीत चौदा वर्षांचाही. त्या चौदाव्या वर्षामागे बहुतेक वेळा घरची शेती, वडिलांचं आजारपण किंवा मराठी सहावीपर्यंत थांबून मग जमवलेली फी असायची.

मॅट्रिकची परीक्षा घ्यायचं मुंबई विद्यापीठ. बोर्ड फार नंतर आलं, एस.एस.सी.ची पहिली परीक्षा १९४९ ची. मुंबई विद्यापीठाचा पसारा तेव्हा सिंधपासून धारवाडपर्यंत होता. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर हायस्कूलच्या मान्यतेचे नियम कडक झाले. म्हणजे हेडमास्तरांना दोन धनी: एक विद्यापीठ आणि दुसरं सरकारचं शिक्षण खातं, ज्याच्या इन्स्पेक्टरच्या अहवालावर खाजगी शाळेची ग्रँट अवलंबून. इन्स्पेक्शनच्या आधी शाळेत जी धांदल व्हायची ती माझ्या काळापर्यंत तशीच राहिली. कॅटलॉग, म्हणजे हजेरीपत्रकं, पुरे करा, फीचा मेळ घाला, जनरल रजिस्टरावरची धूळ झटका. जुन्या पानांच्या तळाशी इन्स्पेक्टरची सही आणि तारीख आहे. एका पानावर बारीक अक्षरात शेरा आहे की दोन मुलांची जन्मतारीख अक्षरी लिहिलेली नाही. खाली त्याच शाईत दुरुस्ती आणि हेडमास्तरांची सही. शंभर वर्षांनी ते पान माझ्यासमोर आलं तेव्हा मला त्या अनोळखी इन्स्पेक्टरबद्दल फार आदर वाटला. त्या दोन मुलांच्या नातवंडांना त्या अक्षरी तारखेची गरज पडणार आहे हे त्याला कुठं माहीत होतं? नियम होता, त्यानं पाळून घेतला.

महाराष्ट्रातलं सगळ्यात मोलाचं रजिस्टर माझ्या मते साताऱ्याला आहे. तिथल्या सरकारी हायस्कूलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टर नंबर १९१४. नाव भिवा रामजी आंबेडकर. ते पान शाळेनं जपलंय, आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मी दरवर्षी त्या दिवशी त्या ओळीचा विचार करते. वर्गात त्या मुलाला वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाट घरून आणायचं. तहान लागली तरी पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. पण रजिस्टरात त्याला इतर मुलांइतकीच लांब ओळ मिळाली, तेच रकाने, तीच शाई. वर्गानं जे दिलं नाही ते त्या एका पानानं दिलं. हाच मुलगा १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळा, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर व्हायला त्यानंतर १९२३ उजाडलं.

आमच्या रजिस्टरातला जातीचा रकाना वरून खाली वाचत गेलं की ठाणं कसं बदललं ते कळतं. सुरुवातीच्या पानांवर ठरावीक चार-पाच जातीच पुन्हा पुन्हा येतात, कचेरीत आणि वकिलीत असलेल्या घरांतल्या. मधे मधे पारशी, गुजराती व्यापाऱ्यांची मुलं. मग हळूहळू चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा. मग कळव्याचा एक. पुढच्या पानावर खाडीपलीकडचे आणखी दोघं. मुलगी मात्र त्या जुन्या रजिस्टरांत एकही नाही. पुण्यात हुजूरपागा १८८४ साली सुरू झाली होती, पण आमच्या गावातली मुलगी मराठी चौथी झाली की बहुतेक घरांत तिची शाळा संपायची. तिची ओळ कोऱ्या जागेतसुद्धा नाही, आणि ते मला प्रत्येक वेळी टोचतं.

जन्मस्थळाचा रकानाही तसाच बोलका. ठाण्याला १८५३ पासून रेल्वे, पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. त्यामुळे कल्याण-भांडुपची मुलं गाडीनं येऊ शकत. पण शहापूर, मुरबाड, वाडा इथली मुलं ठाण्यात कुणाकडे तरी राहायची. कुणी मामाकडे, कुणी देवळाच्या ओवरीत, कुणी वार लावून जेवायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. फीच्या जुन्या वह्यांपैकी एक वही चुकून राहिलीय, तिच्यात रुपये, आणे, पै असे तीन रकाने. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, बेरीज करताना आजही डोकं गरगरतं. त्यात काही नावांपुढे 'फ्री', काहींपुढे 'हाफ फ्री'. म्हणजे नादारी आणि अर्धी नादारी. नादारीसाठी अर्ज करायचा, परिस्थिती सांगायची, हुशारी दाखवायची, आणि परीक्षेत घसरलं की ती जायची भीती. एका मुलाची नादारी एका सहामाहीत बंद झालेली दिसते. पुढचे दोन महिने फीचा रकाना कोरा. मग जनरल रजिस्टरात त्याच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख. कारण: 'नॉन पेमेंट ऑफ फीज'. चार शब्द. प्रगतीच्या रकान्यात त्याला 'व्हेरी गुड' आहे.

सोडण्याच्या कारणांचा रकाना मी सगळ्यात जास्त वाचलाय. वडिलांची बदली हे नेहमीचं. नोकरी लागली, रेल्वेत, पोस्टात, मामलेदार कचेरीत, हेही बरंच. मॅट्रिक पास, थोड्यांचं. आणि साथी. प्लेग मुंबईत १८९६ साली आला तो पुढची कित्येक वर्षं हिवाळ्यात परत परत येत राहिला. घरात उंदीर मेला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, शाळा बंद व्हायच्या. त्या वर्षांत डिसेंबर ते मार्च या महिन्यांत गावी गेलेल्या मुलांच्या नोंदी एकाखाली एक आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या परत आल्याच्या नोंदी नाहीत.

१९१८ च्या पानावर मी एकदा बराच वेळ थांबले होते. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझानं मुंबई इलाख्यात हाहाकार केला. आमच्या रजिस्टरात दोन भाऊ आहेत. लागोपाठचे नंबर, एकाच दिवशी दाखल, एक इंग्रजी दुसरीत आणि एक चौथीत. दोघांच्या ओळीत शाळा सोडल्याच्या जागी 'डाइड', तारखांमध्ये आठवड्याचंही अंतर नाही. धाकट्याच्या ओळीतली शाई जरा पसरलीय. टीपकागद नीट बसला नसेल. प्रगती, वर्तणूक हे रकाने त्या क्लार्कनं तरीही भरले आहेत, दोघांचेही.

वर्तणुकीचा रकाना आज कुणी वाचत नाही, सगळीकडे 'चांगली' असा शिक्का असतो. तेव्हा त्याला वजन होतं. १९०७ मध्ये विद्यार्थ्यांनी राजकीय सभांपासून दूर राहावं म्हणून सरकारनं रिस्ले सर्क्युलर काढलं. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना इथं, ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचे. आमच्या रजिस्टरात त्या वयाची मुलं इंग्रजी सहावी-सातवीत आहेत. देशपांडे तर शाळामास्तर होते. मी रोज शाळेत जाताना तुरुंगाच्या भिंतीवरून जायचे, आणि ते वर्ष रजिस्टरात उघडलं की मनात यायचं, त्या सकाळी ही मुलं शाळेत आली असतील का? आली असतील तर वर्गात कुणी काही बोललं असेल का? एप्रिल १९१० मध्ये रजिस्टरात नेहमीच्याच नोंदी आहेत. वर्तणूक सगळ्यांची 'गुड'. तो शेरा लिहिणाऱ्या हेडमास्तरांवर त्या दिवसांत काय ताण असेल याची मला कल्पना येते. कारण 'गुड' नसलेल्या मुलाला सरकारी नोकरी विसरावी लागली असती. माझी अशी समजूत आहे की त्या काळात बऱ्याच हेडमास्तरांनी या एका शब्दानं मुलं सांभाळली.

आता आजचं सांगते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत ऑफिसच्या खिडकीशी जुनी नोंद शोधणाऱ्यांची रीघ लागायची. जात पडताळणीसाठी ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. शाळेची जुनी नोंद म्हणजे त्यातला सगळ्यात भक्कम कागद. मेडिकलला, इंजिनिअरिंगला लागलेली मुलं पणजोबांच्या इंग्रजी तिसरीच्या शोधात यायची.

एकदा खारेगावचा एक मुलगा आला, बरोबर त्याची आजी. त्याला मी साल विचारलं. "नाही माहीत मॅडम. पण पणजोबा इंग्रजी शिकलेले असं घरात सगळे सांगतात."

आजी मधेच म्हणाली, "त्यो रेल्वेत व्हता. सायबाशी इंग्रजीन बोलाचा."

तेवढ्यावर शोधायचं. आडनावानं काहीच लागेना. मग मी आडनाव सोडून दिलं, मुलाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच धरलं, आणि जन्मस्थळात कळवे-खारेगाव बघत गेले. तिसऱ्या रजिस्टरात सापडला. आडनावाच्या जागी नुसतं 'पाटील', जे आता घरात कुणी लावत नाही. इंग्रजी चौथीत शाळा सोडलेली, कारण रेल्वेत नोकरी. जातीचा रकाना स्वच्छ भरलेला.

आजीनं पानाच्या वर बोट धरलं, टेकवलं नाही. "ह्यो त्याचा अक्षर हाय?"

"नाही हो आजी, हे शाळेच्या क्लार्कचं."

"क्लार्कचा व्हय," म्हणाली, आणि तिनं त्या पानाला हात जोडले. शिपाईमामा बघत उभे होते, तेही काही बोलले नाहीत. त्या मुलाला मी त्याच दिवशी नक्कल काढून हेडमास्तरांची सही घेऊन दिली.

हे सगळं लिहायचं कारण असं की ही रजिस्टरं आता मरायला टेकलीत. ठाण्याची दमट हवा, कसर, वाळवी. २६ जुलै २००५ च्या पावसात कितीतरी तळमजल्यांवरची ऑफिसं पाण्यात होती. एका शाळेत, नाव घेत नाही, नूतनीकरणाच्या वेळी जुनी बाडं रद्दीच्या टेम्पोत चढवलेली मी स्वतः पाहिली. तिथल्या शिपायानं दोन परत उतरवून घेतली म्हणून ती वाचली. त्याला कुणी शाबासकी दिली नाही. ज्या गावात १८९३ साली लोकांनी एकत्र येऊन मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, त्या गावात हे होऊ नये.

शाळांच्या ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो आणि भावांनो, जुन्या पानांचं लॅमिनेशन करू नका. आत दमटपणा कोंडतो आणि पुन्हा ते प्लॅस्टिक सुटत नाही. झेरॉक्स मशीनवर रजिस्टर उलटं दाबू नका, शिवण उसवते. मोबाईलवर दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, एकेक पान सपाट धरून फोटो काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. रजिस्टर उभं ठेवू नका, आडवं ठेवा, सुती बासनात बांधून, खालच्या कप्प्यात नको. आणि पावसाळा संपला की एकदा सावलीत वारा द्या. यातल्या कशालाच फार पैसे लागत नाहीत, संस्थेच्या परवानगीचा कागद मात्र आधी घ्या.

आणि तुम्हाला घरातल्या कुणाची नोंद शोधायची असेल तर शाळेत रिकाम्या हातानं जाऊ नका. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि अंदाजे साल कागदावर लिहून न्या. आडनाव बदललेलं असू शकतं हे धरून चाला, गावावरून पडलेली, जुनी, टोपण अशी सगळी आडनावं लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की ते मराठी शाळेत होते की इंग्रजी. मराठी शाळेतले असतील तर नोंद प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात असेल, आणि ती मोडीत असू शकते, मग मोडी वाचणारा माणूस लागेल. जन्मतारखेवर फार विसंबू नका, कितीतरी मुलांची तारीख मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली आहे. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आणि जून महिना टाळा, तेव्हा ऑफिसातल्या माणसाला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा सगळ्यात बरा.